तिपाईचा चौथा पाय

आमच्या सोलापूरच्या जुन्या घरी टीपॉयच्या एका पायाखाली कायम पुठ्ठ्याची घडी असायची. घर शहाबादी फरशीचं, आणि फरशा वर्षानुवर्षांत खालीवर बसलेल्या. केर काढताना घडी निघून जायची, मग कप ठेवला की चहा बशीत सांडायचा आणि घडी शोधायची धांदल उडायची. सुतार चुकला की फरशी बसवणारा, यावर घरात दोन तट होते. चूक चौथ्या पायाची होती, हे मला फार उशिरा कळलं.

'टीपॉय'मधल्या 'टी'चा चहाशी काहीही संबंध नाही. मूळ शब्द तिपाई, म्हणजे तीन पायांची. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ मध्ये निघाला. हिंदुस्तानी 'तीन' आणि फारसी 'पाय' मिळून हा शब्द झाला, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. लंडनच्या दुकानांत पायांवर बसवलेली चहाची पेटी 'टीपॉय' म्हणून विकली जाते, हा निव्वळ गैरसमज, असंही कोशकार सांगतात. म्हणजे आपण जी चूक करतो ती तिकडे दीडशे वर्षांपूर्वीच झाली होती. मराठीत तर तिवई होतीच. घरातली तिवई साहेबाच्या बंगल्यात गेली, इंग्रजी नाव घेऊन परत आली आणि येताना एक पाय वाढवून आली.

तीन पाय ही काटकसर नव्हती. तीन टेकू कुठेही ठेवा, ते एका पातळीत बसतातच. चौथा टेकू आला की जमीन सपाट असावी लागते. चुलीचे तीन दगड आठवा. सारवलेल्या, उंचसखल भुईवर तिवई डुगडुगत नाही, कारण तिला डुगडुगायला जागाच नसते.

सोलापूरच्या भुईची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. रेल्वे सोलापुरात १८६० मध्ये आली आणि १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रासकडच्या मार्गाला मिळाली. शहाबाद याच मार्गावरचं. तिथला चुनखडीचा दगड थराथरांनी सुटतो, म्हणून त्याच्या लाद्या निघतात. भूशास्त्रज्ञ या खडकांना भीमेचं नाव देतात. पंढरपुरात जी चंद्रभागा होते, तीच ही भीमा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की माणसं दुपारी या फरशीवर चटईसुद्धा न घालता पडतात. इथे फरशी ही बसायची, निजायची, निवडायची-टिपायची जागा आहे. सोफ्यासमोर काय ठेवायचं हे ठरवताना आधी त्या फरशीवर कोण काय करतं, ते पाहिलं पाहिजे.

सोलापूरच्या पूर्वभागात हजारो बायका घरात बसून विड्या वळतात. भिजवलेलं तेंदूपान कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. हे सगळं मांडीवरच्या सुपात. पाय पसरायला, पानं ठेवायला जागा लागते आणि ती बाहेरच्या खोलीतच असते. कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला कॉम्रेड गोदावरी परुळेकरांचं नाव आहे. त्याच भागात रे नगर वसाहतीतल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. तेव्हाच्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घराला चटई क्षेत्राची मर्यादा ३० चौरस मीटर होती, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. स्वतःच्या नावाचं पहिलं घर मिळाल्यावर बैठकीत एक देखणं टेबल असावं, ही इच्छा मला अगदी रास्त वाटते. प्रश्न फक्त कोणतं, हा.

सजावटवाले एक ठरलेलं माप सांगतात. टेबल सोफ्याच्या बैठकीइतकं किंवा इंच-दोन इंच खाली, लांबी सोफ्याच्या दोन-तृतीयांश, आणि गुडघ्यांसाठी पंधरा ते अठरा इंच अंतर. दहा फुटांच्या खोलीत ते मांडून पाहा. सोफ्याची खोली ३२ इंच, मधलं अंतर १६, टेबल २४, पलीकडे चालायची वाट ३०. झाले १०२. उरलेल्या अठरा इंचांत टीव्हीचं कपाट. हिशेब जमतो, पण फरशी संपते. सूप घेऊन बसणारी बाई आता कुठे बसणार?

सोफ्यासमोरच्या बुटक्या टेबलाची ही रीत पाश्चात्त्य घरांतही फार जुनी नाही. जोसेफ अॅरन्सन यांच्या १९३८ च्या फर्निचरकोशात त्याची नोंद आहे, ती सध्याच्या वापरातली वस्तू म्हणून. आणि या टेबलाचा सगळ्यात गाजलेला नमुना, इसामू नोगुची यांनी घडवलेला आणि हर्मन मिलर कंपनीनं १९४७ मध्ये बाजारात आणलेला, पाहिला तर काय दिसतं? एकसारखे दोन वळणदार लाकडी तुकडे, एक उलटा करून दुसऱ्यात अडकवलेला, आणि वर नुसती जाड काच. तो उभा राहतो तीन टेकूंवर. न्यूयॉर्कच्या कलावंतानं शेवटी तिवईच गाठली, हे पाहून मला मनापासून आनंद झाला.

आता वरच्या फळीकडे वळू. काच घ्यायची तर टफनच. ती फुटली तर बारीक दाणे होतात, साध्या काचेसारखे सुरे होत नाहीत. मात्र टफन झाल्यावर ती कापता येत नाही, म्हणून माप आधीच पक्कं करावं. शहाबादी लादी मला फार आवडते. तिचा निळसर राखाडी रंग सोलापूरच्या उन्हाला शोभतो. पण तीन फूट बाय दीड फूट, इंचभर जाड लादीचं वजन पंचवीस किलोच्या पुढे जातं, आणि चुनखडी असल्यानं लिंबू सरबत सांडलं की डाग कायमचा. मोठ्या बंगल्यात ती शोभेल, जिथे टेबल हलवायचंच नसतं.

पार्टिकल बोर्डाचे टीपॉय स्वस्त आणि चकचकीत असतात, पण आपण फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसतो. बोर्ड खालून पाणी पितो, फुगतो, आणि वर्षा-दोन वर्षांत सनमायका सुटतो. लाकडाच्या पायांनाही खालून रबरी बूच लावून घ्यावं. लाकडात सागवान सर्वात निर्धास्त: वाळवी सहसा लागत नाही, हलतं कमी. पण माझा जीव बाभळीवर. गाडीची चाकं, नांगर-कुळव ज्यावर चालले ते हे लाकूड. जड, चिवट, लालसर. जुने सुतार ते पाण्यात मुरवून मग सावलीत वाळवत. ओली बाभूळ घाईनं वापरली तर सोलापूरच्या उन्हाळ्यात तडकतेच. अखंड फळी कोणत्याही झाडाची असो, वैशाखात आक्रसते, श्रावणात फुगते. ती सगळीकडून घट्ट चिकटवली की तडा जातो. सुताराला तेवढी हालचाल ठेवायला आवर्जून सांगावं.

शोभेचं म्हणाल, तर ज्या घरात दिवाणावर मोर आणि फुलं विणलेली सोलापुरी चादर पसरलेली आहे, तिथे टेबलावर आणखी नक्षी नको. जॅकार्डचं ते रंगीत विणकाम खोलीभर बोलतं. समोरचं लाकूड साधं, कडा गोल, पॉलिश मंद. क्रोशाचा रुमाल घालायचा असेल तर जरूर घाला, पण रेषा दिसू द्या.

बैठकीतलं बुटकं टेबल आपल्याला परकंही नाही. लक्ष्मीपूजनाला चौरंग निघतो, त्यावर पेढीच्या वह्या मांडल्या जातात, सत्यनारायण त्यावरच बसतो. टीपॉयवर पाय ठेवलेला आमच्या आजीला खपत नसे, त्याचं मूळ चौरंगात असावं.

गेल्या वर्षी मी नवा टीपॉय करून घेतला. गोल, बावीस इंच व्यासाचा, पाऊण इंच जाड सागवानी फळी आणि बाभळीचे तीन पाय. उंची सोळा इंच: सोफ्यावरून कप ठेवता येतो आणि खाली बसलेल्या नातवाला त्यावर लिहिताही येतं. तीन पायांच्या टेबलाची एक खोड आहे. दोन पायांच्या मधोमध काठावर भार पडला तर ते कलतं. म्हणून पाय फाकवून फळीच्या काठापर्यंत नेले आणि त्यावर बसायचं नाही, हे नातवाला बजावलं. फळीचं वजन तीन-साडेतीन किलो, पायांसकट एका हातानं उचलता येतं.

दिवाळीच्या आठवड्यात त्यावर फराळाचं ताट होतं, शेजारी अंक. दुपारी शेंगा फोडायला बसायची वेळ झाली तसं सूनबाईनं ताट आत नेलं, एका हातानं टीपॉय उचलून भिंतीशी ठेवला आणि फरशीवर पोतं पसरलं. टीपॉय तिथेही, दोन लाद्यांच्या वरखाली सांध्यावर, न डुगडुगता उभा होता.