पावसातला उन्हाळी वर्ग

युरोपात भाषेचे ‘उन्हाळी’ वर्ग भरतात तेव्हा कोकणातल्या देवबागात धो धो पाऊस असतो. होड्या वर ओढून शाकारलेल्या, नदी-समुद्राच्या संगमावरची वर्दळ बंद, पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या. ऑनलाइन इटालियन शिकायला याहून चांगला हंगाम कुठला? पण आडवे येतात ते समज.

सर्वांत हट्टी समज हा, की आधी इंग्रजी पक्कं हवं. खरं तर इंग्रजीच इथे पाय ओढते. ‘ब्रुशेटा’ हा हॉटेलांतला उच्चार इंग्रजी वळणाचा. इटालियन माणूस म्हणतो ‘ब्रुस्केत्ता’. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य. पता आणि पत्ता यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला नोनो (नववा) आणि नोन्नो (आजोबा) वेगळे ऐकू येतातच. ‘जातो’ म्हटलं की ‘मी’ सांगावं लागत नाही, तसंच तिथेही. लिंगं तर दोनच. नपुंसकलिंगाची कटकट नाही.

शब्द सगळे परके, हेही अर्धसत्य. पगार, चावी, पाव, कोबी हे आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. पोर्तुगीज आणि इटालियन दोघी लॅटिनच्या लेकी, म्हणून तिकडे पगारे (पैसे देणं), क्यावे, पाने, कावोलो भेटतात. ओळखीचा चेहरा कधी फसवतोही. ‘कामेरा’ म्हणजे खोली. पाहुण्याने ‘कामेरा’ मागितला तर फोटो काढायला धावू नये, किल्ली द्यावी.

अवघड आहे ते वेगळंच. आपले शब्दयोगी नामाच्या मागून येतात, त्यांचे पुढून, आणि बरेचदा उपपदाला चिकटून. शिवाय आघात! ‘आंकोरा’त ‘आं’वर जोर दिला तर होडीचा नांगर, ‘को’वर दिला तर ‘अजून’. लिहिताना बहुधा खूणही नसते. कानानेच शिकायचं.

राहिला सहा आठवड्यांत फाडफाड बोलण्याचा समज. रोज चार तास, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे 120 तास. यात ए-1 ही पहिली पायरी गाठता येते. अमेरिकी मुत्सद्द्यांना कामापुरतं प्रावीण्य मिळवायला पूर्णवेळ सुमारे 24 आठवडे लागतात, आणि तेही इटालियन त्यांच्या सोप्या भाषांच्या गटात असताना. तेव्हा सप्टेंबरात पाहुण्याला नाव, दर आणि जेवणाची वेळ सांगता येईल. संगमावर पाण्याला ओढ कशी असते, हे समजावणं पुढच्या पावसाळ्यानंतर.