गवती चहातले सोन्याचे त्रिकोण

जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांच्या पृष्ठभागाला पत्रा नाही, नुसती तारेची जाळी. तिची भोकं 10 ते 20 मिलिमीटरची. ऊन-वारा त्यातून आरपार जातो. हायड्रोजनकडून येणाऱ्या 21 सेंटिमीटरच्या रेडिओलहरी मात्र आरशावरून परतावं तशा परततात. धातू लहरीशी कसा वागेल, हे त्याच्या घडणीच्या मापावरही ठरतं.

दृश्य प्रकाशाच्या लहरी साधारण 400 ते 700 नॅनोमीटरच्या. त्यांना असंच खेळवायचं तर धातूही नॅनोमीटरमध्येच घडवायला हवा. हे काम पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये झालं, आणि तेही गवती चहाच्या पातीने.

मुरली शास्त्री, अबसार अहमद, शिव शंकर आणि सहकाऱ्यांनी पाती उकळून अर्क काढला आणि सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला. पुढची क्रिया खोलीच्या तापमानालाच झाली. अर्काने क्षारातलं सोनं मोकळं केलं. आधी गोल कण झाले, ते एकमेकांत मिसळत गेले आणि त्यांतून पातळ, सपाट, एकस्फटिकी त्रिकोण तयार झाले. हा शोधनिबंध 2004 मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आला.

सोन्याच्या बारीक गोल कणांचं द्रावण लाल दिसतं, हे फॅरेडेने 1857 मध्येच नोंदवलं होतं. प्रकाश पडला की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावतात. गोल कणात हा ताल सुमारे 520 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाशी जुळतो. हिरवा शोषला जातो, लाल उरतो. त्रिकोणात इलेक्ट्रॉनांना धावायला लांब पल्ला मिळतो, ताल संथ होतो आणि शोषण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांकडे सरकतं. अर्काचं प्रमाण बदलून त्रिकोणांचं माप आणि त्याबरोबर हे शोषणही बदलता येतं, हे याच गटाने पुढे दाखवलं. उन्हातली उष्णता अडवणाऱ्या काचेच्या लेपाची कल्पना त्यातूनच निघाली.

या रीतीची मर्यादाही आहे. त्रिकोणांसोबत गोल कणही तयार होतात, ते वेगळे काढावे लागतात. एकेक त्रिकोण ठरलेल्या जागी बसवायचा असेल, तर इलेक्ट्रॉन शलाकेने नक्षी कोरणारी महागडी यंत्रंच हवीत. पण काचेवर लेप द्यायला त्रिकोणांची रांग लागत नाही, भरपूर त्रिकोण लागतात. आणि तिथे गवती चहा पुरतो.