बालकांचे प्रतिजैविक आणि घरातील शब्दार्थ

भाषेच्या अभ्यासकाने औषधाविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी अनधिकार वाटेल. औषधाची निवड करणे व त्याची मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचेच काम होय, याविषयी दुमत नाही. परंतु डॉक्टरांनी ठरविलेले औषध बालकाच्या मुखापर्यंत पोहोचते ते शब्दांच्या द्वारे. आणि त्याचा जो परिणाम होतो, त्याची वार्ता डॉक्टरांकडे परत जाते तीही शब्दांच्याच द्वारे, कारण तान्ह्या मुलाला स्वतः काही सांगता येत नाही. या दुहेरी प्रवासात अर्थ कोठे निसटतो, हे अमॉक्सिसिलिन या नित्य वापरातील औषधाच्या आधारे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पेनिसिलिनच्या कुळातील हे औषध १९७२ पासून वापरात आहे. जिवाणूच्या पेशीभोवती जी भित्तिका असते, तिचे धागे परस्परांत गुंफले जाण्याची क्रिया ते रोखते. भित्तिका दुबळी होते आणि जिवाणू फुटतो. मानवी पेशींना अशी भित्तिका नसते, म्हणून हे औषध बहुतेक बालकांना सोसते. विषाणूंनाही ती नसते, म्हणून सर्दी, फ्लू आणि लहान मुलांचा बहुतांश खोकला यांवर ते निरुपयोगी ठरते. मराठी बोलीत मात्र ‘जंतू’ हा एकच शब्द जिवाणू व विषाणू या दोहोंस सरसकट लावला जातो. त्यामुळे ‘जंतूंचे औषध लिहून द्या’ ही पालकांची मागणी त्यांना स्वतःला सर्वथा तर्कशुद्ध वाटते. ‘हा आजार जिवाणूंचा आहे काय?’ असा प्रश्न विचारला गेला, तर पुष्कळ अनावश्यक औषधयोजना टळेल.

दुसरा शब्द ‘चमचा’ होय. बालकांची मात्रा वजनावरून मिलिग्रॅममध्ये ठरते. आई ती मिलिलिटरमध्ये मोजते. आणि घरात बोलताना तिचा ‘एक चमचा’ होतो. अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही तीव्रतांचे मिळते. केवळ हिशेबापुरते सांगावयाचे, तर २५० मिलिग्रॅमसाठी पहिल्या बाटलीतून १० मिलिलिटर घ्यावे लागतील, दुसरीतून ५. म्हणजे ‘मागच्या वेळेसारखाच एक चमचा’ या उक्तीत निम्मी किंवा दुप्पट मात्रा दडलेली असू शकते. शिवाय घरातील चमच्यांचे आकार सारखे नसतात. औषधासोबत आलेले खुणांचे माप किंवा पिचकारी वापरणे, हाच यावर उपाय होय.

हे औषध कोरड्या भुकटीच्या रूपात विकले जाते, याचेही कारण आहे. पाण्यात त्याच्या रेणूतील चौकोनी कडे हळूहळू भंगते व औषध निकामी होत जाते. म्हणून उकळून गार केलेले पाणी बाटलीवरील खुणेपर्यंत घालावे, बाटली चांगली हलवावी, फेस बसल्यावर पातळी खाली गेली असल्यास पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालावे, आणि वेष्टनावर जितके दिवस लिहिले असतील तितकेच दिवस ते वापरावे. भुकटी तळाशी बसते. प्रत्येक वेळी बाटली हलविली नाही, तर आरंभीच्या मात्रा फिक्या व अखेरच्या तीव्र होतात.

तिसरा शब्द ‘दिवस’ हा आहे. तो चोवीस तासांचाही वाचक आहे आणि रात्रीच्या विरुद्धार्थीही. ‘दिवसातून तीनदा’ याचा अर्थ सकाळी आठ, दुपारी दोन व रात्री आठ असा घेतला, तर पुढे बारा तासांचा खंड पडतो. अमॉक्सिसिलिन रक्तातून त्वरेने ओसरते आणि त्याची परिणामकारकता ते पुरेशा प्रमाणात किती वेळ टिकते यावर अवलंबून असते. म्हणून मात्रांमधील अंतर शक्य तितके समान असावे. आपल्या भाषेत ‘अहोरात्र’ असा निःसंदिग्ध शब्द आहे. ‘अहोरात्रात तीनदा’ म्हटले, तर ही संदिग्धता उरत नाही. एखादी मात्रा चुकल्यास आठवताच द्यावी. पुढची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम कधीही देऊ नयेत.

चौथा शब्द ‘संपणे’. ‘औषध संपवा’ या आज्ञेत बाटली संपवावयाची की ठरलेली मुदत, हे उघड होत नाही. ३० मिलिलिटरची बाटली बाजारात सर्रास मिळते. ५ मिलिलिटर तीनदा दिल्यास ती दोन दिवसांतच रिती होते. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील, तर ७५ मिलिलिटर, म्हणजे तीन बाटल्या लागतील, आणि तिसरीत १५ मिलिलिटर उरेल. ते धाकट्या भावंडासाठी राखून ठेवू नये. मुदतही सर्वत्र एकच नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केवळ जलद श्वास असलेल्या बालन्यूमोनियासाठी ५ दिवस, आणि एचआयव्हीचे प्रमाण अल्प असलेल्या प्रदेशांत ३ दिवसही पुरेसे मानले. स्ट्रेप्टोकोकसच्या घसादुखीसाठी मात्र १० दिवसांची मुदत रूढ आहे. तेव्हा ‘किती दिवस?’ हे स्पष्ट विचारून लिहून घेणे श्रेयस्कर.

आता परतीच्या प्रवासाकडे वळू. ‘औषध गरम पडले’ हा आपल्याकडील वाक्प्रचार पातळ शौच, तोंड येणे, अंगावर पुरळ या सर्वांना एकाच अर्थक्षेत्रात कोंबतो. वस्तुतः शौच काहीसे पातळ होणे हा साधा अनुषंगिक परिणाम होय. आतड्यातील उपकारक जिवाणूही मरतात, म्हणून तो होतो. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड असलेल्या औषधाने तो अधिक संभवतो. शौचातून रक्त पडणे, वारंवार पाण्यासारखे जुलाब होणे किंवा लघवी कमी होणे, ही मात्र डॉक्टरांना तत्काळ कळविण्याची लक्षणे आहेत.

त्वचेच्या बाबतीत मराठी भाषा विशेष साहाय्यक ठरते. ‘पुरळ’ आणि ‘गांध्या’ हे दोन पृथक् शब्द तिच्यापाशी आहेत. काही दिवसांनी उमटणारे, चपटे, फारशी खाज नसलेले पुरळ अनेकदा मूळच्या विषाणुजन्य आजाराचेच असते. तरी ते डॉक्टरांना दाखवावे. औषध दिल्यावर तास-दोन तासांत उठणाऱ्या, खाजणाऱ्या, फुगीर गांध्या ॲलर्जीच्या सूचक असतात. त्यांसोबत ओठ वा चेहरा सुजणे, श्वासास घरघर लागणे, वारंवार उलट्या होणे किंवा मूल निपचित पडणे यांपैकी काही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. त्वचेला फोड येऊन तोंड व डोळे सोलवटणे हेही तितकेच गंभीर. दुर्दैव हे की, गांध्यांना आपण ‘अंगावर पित्त उठले’ असे म्हणतो. आणि पित्त म्हटले की दोष खाण्याकडे जातो, उपाय आमसुलाकडे, आणि औषधाची पुढची मात्रा यथाकाल दिली जाते.

उलट दिशेची चूकही लहान नाही. साध्या पुरळावरून ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का एकदा बसला की तो आयुष्यभर राहतो. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या नोंदीत अशी ॲलर्जी लिहिलेली असते. खरी ॲलर्जी १ टक्क्याहूनही कमी लोकांना असते. उरलेल्यांना निष्कारण अधिक व्यापक व बहुधा महाग औषधे घ्यावी लागतात, आणि त्यायोगे औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंना वाव मिळतो.

म्हणून पालकांनी निदानवाचक शब्द टाळून वर्णनवाचक शब्द वापरावेत: काय दिसले, कोणत्या मात्रेनंतर, किती वेळाने, आणि किती काळ टिकले. क्षेत्रकार्यास निघालेल्या विद्यार्थ्याला आपण हेच शिकवितो की, ऐकले ते आधी टिपावे, अर्थ मागाहून लावावा. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईलाही याहून निराळे काही सांगावयाचे नाही.