मॅरेथॉनचा दुसरा विजय

अथेन्स शहराच्या ईशान्येस मॅरेथॉनचें धरण आहे. सन १९२६ ते १९२९ या काळांत बांधलेल्या या धरणाची उंची ५४ मीटर व लांबी २८५ मीटर असून, ज्या पेंटेली डोंगराच्या संगमरवरानें पार्थेनॉन मंदिर उभें राहिलें त्याच डोंगराच्या दगडानें त्याचा दर्शनी भाग मढविलेला आहे. परंतु आमच्या मतें विचारार्ह गोष्ट निराळीच आहे. धरणाच्या पायथ्याशीं एक लहानशी इमारत उभारलेली आहे. ती डेल्फी क्षेत्रांतील अथेन्सकरांच्या कोशगृहाची प्रतिकृति होय.

ख्रिस्तपूर्व ४९० मध्यें मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या नागरिकांनीं इराणी सैन्याचा पराभव केला. त्या लुटींतून डेल्फीचें कोशगृह अपोलो देवाप्रीत्यर्थ बांधलें गेलें, असें पॉसेनियस हा प्राचीन प्रवासी लिहितो. बांधकामाच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण त्यामागील धर्मबुद्धि निर्विवाद आहे. यशाचा पहिला वांटा देवाचा, असें ग्रीक मानीत. शिवाय कोशगृहालगतच्या अर्पणलेखांत कोणा सेनापतीचें नांव नाहीं. देणारे केवळ ‘अथेन्सकर’ आहेत.

आतां दुसरा विजय पाहूं. सन १९२२ मध्यें आशिया मायनरमध्यें ग्रीसचा पराभव झाला आणि दहा लाखांहून अधिक निर्वासित त्या लहानशा देशांत आले. अथेन्सची वस्ती एकाएकीं फुगली. आणि शहराचा मोठा आधार काय, तर रोमन सम्राट हेड्रियन याच्या कारकीर्दींत आरंभिलेली जलवाहिनी! अशा वेळीं युलेन या अमेरिकन कंपनीकडून धरण बांधवून घेण्यांत आलें, व डोंगर पोखरून सुमारें १३ किलोमीटर लांबीच्या बोगद्यानें पाणी शहराकडे नेण्यांत आलें. पूर्वजांनीं डेल्फीस रणांगणावरील विजयाचें स्मारक केलें, तसें हें जीवनदायी पाण्याच्या विजयाचें स्मारक होय, अशा आशयाचा लेख त्या प्रतिकृतीवर आहे.

कोणी म्हणतील, कंत्राटानें केलेल्या कामास देवालयाचा थाट कशाला? मजुरी चुकती झाली, काम संपलें. आम्हांस हें म्हणणें मान्य नाहीं. विहिरी व तळीं बांधणें यास आमच्या शास्त्रकारांनीं ‘पूर्त’ म्हणून यज्ञाच्या जोडीस बसविलें, तें कांहीं वेडेपणानें नव्हे. शत्रूस मारणें हें जर देवास सांगण्याजोगें कृत्य असेल, तर तहानलेल्यास पाणी पाजणें हें त्याहून शतपटीनें अधिक सांगण्याजोगें आहे. हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणें पहिल्या विजयास १९२ अथेन्सकरांचे प्राण द्यावे लागले. दुसऱ्याचें तर प्रयोजनच प्राणरक्षण हें होतें.

मात्र अशा अर्पणाची एक अट आहे. जें सर्वांचें आहे तेंच सर्वांच्या नांवें देवास वाहतां येतें. ज्या शहरांत जुन्या रहिवाशास पाणी मिळतें व परवां आलेला निर्वासित कोरडा राहतो, त्यानें संगमरवराचीं मंदिरें खुशाल बांधावीं. तें अर्पण नव्हे, आत्मस्तुति होय.

शिवाय रणांगणावरील विजय एका दिवसांत पुरा होतो, पाण्याचा होत नाहीं. अथेन्सला पुढें यलिकी सरोवर, मोर्नोस व एव्हिनोस या नद्या यांचें पाणी आणावें लागलें. मॅरेथॉनचा जलाशय आज मुख्यतः राखीव साठा आहे. म्हणून नागरी पराक्रमाचें खरें स्मारक दगडांत नसून, तो पराक्रम प्रत्येक पिढीनें पुन्हां करण्यांत आहे.