खांद्यावरचा हात

जानेफळसारख्या गावात लग्नसराई ओसरली तरी फोटो स्टुडिओतलं एक काम बारा महिने चालूच असतं. घरातलं वडीलधारं माणूस गेलेलं असतं आणि तेरवीच्या आत भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असतो. एकट्याचा फोटो बहुधा नसतोच. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला: बाजूला पाहुणे, मागे मांडव आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. "बाजूचे सारे काढा अन् आबाजी तेवढे ठेवा," एवढंच सांगणं असतं.

पाहुणे आणि मांडव काढणं सोपं, मागे एकच रंग भरला की झालं. कस लागतो तो त्या हाताशी. हाताखालचा सदरा कॅमेऱ्याने पाहिलेलाच नाही. फोटोशॉपमधला क्लोन स्टॅम्प इथे रफूगारासारखा चालतो: ऑल्ट दाबून सदऱ्याचा शाबूत भाग उचलायचा आणि हातावर बसवायचा. चुण्या आपणच जुळवायच्या. २००२ साली आलेला हीलिंग ब्रश पोत तिकडचा घेतो, पण रंग-उजेड भोवतालचा धरतो. २०१० पासून कंटेंट-अवेअर फिल फोटोतले जुळणारे तुकडे स्वतःच शोधू लागलं. २०२३ मध्ये आलेलं जनरेटिव्ह फिल फोटोत नसलेलंही रचून देतं.

यातलं कुठलंच साधन मागे दडलेलं उघडं करत नाही. तिथे काय शोभेल, तेवढं भरतं. सदऱ्यापुरतं ते खुशाल चालावं. आबाजींच्या चेहऱ्याला मात्र हात लावू नये. सुरकुत्या आणि देवीचे व्रण पुसले, की घरच्यांनाच तो माणूस परका वाटतो.

लोणारला गेलं की हिशेब बदलतो. दैत्यसूदन मंदिराच्या बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. आड आलेला पर्यटक पुसला, तर सॉफ्टवेअर शेजारच्या मूर्तीचा हात उचलून तिथे चिकटवू शकतं. विष्णूची चोवीस रूपं तर शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात आहे यावरूनच ओळखतात. एक हात चुकला की मूर्तीचं नाव बदललं, आणि तोच फोटो उद्या एखाद्या माहितीपुस्तिकेत छापला जातो.

त्यापेक्षा कॅमेरा तिपाईवर ठेवून थोड्या थोड्या वेळाने आठ-दहा फोटो काढावेत. फोटोशॉपमध्ये ते एकावर एक ठेवून 'मीडियन' लावलं, की बहुतेक फोटोंत जे सारखं दिसतं तेच उरतं. माणसं हलतात, दगड हलत नाही. त्यामुळे पर्यटक निघून जातात आणि मागचं खरं शिल्प मिळतं. विजेची तार अशी जात नाही. तिथे दोन पावलं बाजूला सरून पुन्हा फोटो घ्यावा, नाहीतर तार तशीच राहू द्यावी.