एका भेटीचे पावणेचार कोटी! रेसच्या घोड्यांची जोडी नेमकी जमवतात कशी?

फ्रँकल नावाचा घोडा आयुष्यात १४ रेस धावला आणि चौदाच्या चौदा जिंकला. २०१२ मध्ये तो निवृत्त झाला आणि इंग्लंडमध्ये न्यूमार्केटजवळच्या स्टड फार्मवर पैदाशीसाठी आला. २०२४ च्या हंगामात एखाद्याला आपली घोडी त्याला दाखवायची असेल, तर फी होती ३,५०,००० पौंड. म्हणजे साधारण पावणेचार कोटी रुपये. एवढं करून शिंगरू रेस जिंकेलच याची हमी कुणीच देत नाही.

बातम्या होतात त्या अशा घोड्यांच्या आणि त्यांच्या फीच्या. पण या धंद्यात मुरलेली माणसं आधी घोडीकडे बघतात. का, ते समजून घेऊ.

कृत्रिम रेतन चालतच नाही

रेसच्या घोड्यांच्या जातीला थरोब्रेड म्हणतात. इंग्लंडमध्ये १७९१ पासून या जातीची वंशावळ नोंदवहीत लिहून ठेवली जाते. आज जगभरात एक नियम पक्का आहे : शिंगराची थरोब्रेड म्हणून नोंद हवी असेल, तर घोडा आणि घोडी यांचा प्रत्यक्ष संयोग व्हायला हवा.

आपल्याकडे एका वळूचं गोठवलेलं वीर्य शेकडो गावांतल्या गाईंसाठी वापरता येतं. थरोब्रेडमध्ये तसं केलं, तर शिंगराची नोंदच होत नाही आणि तो रेसमध्ये उतरू शकत नाही. त्यामुळे घोडीलाच ट्रकने, कधी विमानाने, घोड्याच्या गावी न्यावं लागतं.

इथूनच खरं गणित सुरू होतं. मागणी असलेला घोडा एका हंगामात दीडशेहून जास्त घोड्यांना फळवू शकतो. घोडी मात्र ११ महिने गाभण राहते आणि वर्षाला एकच शिंगरू देते. एखादं वर्ष रिकामंही जातं. उभ्या आयुष्यात दहा-बारा शिंगरं झाली तरी पुष्कळ.

म्हणजे जोडी चुकली, तर घोड्याच्या दीडशेतला एक प्रयत्न वाया जातो. घोडीचं मात्र अख्खं वर्ष जातं.

डिसेंबरात गोठ्यात दिवे कशाला?

उत्तर गोलार्धात थरोब्रेडचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी. शिंगरू २८ डिसेंबरला जन्मलं, तर चार दिवसांत कागदावर ते एक वर्षाचं होतं आणि पुढे त्याला आपल्याहून वर्षभर मोठ्या घोड्यांशी धावावं लागतं. त्यामुळे सगळ्यांना शिंगरू जानेवारीनंतर, पण शक्य तितक्या लवकर हवं असतं. म्हणून हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो.

अडचण एवढीच की घोडी माजावर येते ती दिवस मोठा झाल्यावर. यावर उपाय म्हणून डिसेंबरपासूनच तबेल्यात दिवे लावून १६ तासांचा ‘दिवस’ केला जातो. घोडीच्या शरीराला वाटतं, वसंत आला.

सावत्र भाऊ कोण? ते आई ठरवते

या धंद्याची एक गंमत आहे. एकाच बापाची दोन शिंगरं असतील, तर त्यांना सावत्र भाऊ म्हणत नाहीत. बाप एक असणारी शंभर-दीडशे शिंगरं तर दरवर्षी जन्मतात! सावत्र भाऊ म्हणजे आई एक, बाप वेगळे.

लिलावाच्या कॅटलॉगमध्येही तेच. बापाची माहिती वर थोडक्यात असते. उरलेलं पान आई, आजी, पणजी आणि त्यांच्या पोरांनी काय काय जिंकलं यानेच भरलेलं.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे अर्बन सी. या घोडीने १९९३ मध्ये फ्रान्समधली ‘आर्क’ ही मानाची रेस जिंकली. पुढे सॅडलर्स वेल्स या घोड्यापासून तिला गॅलिलिओ झाला. त्याने २००१ ची इंग्लिश डर्बी मारली. मग केप क्रॉस या वेगळ्याच घोड्यापासून सी द स्टार्स झाला. त्याने २००९ ची डर्बी मारली. बाप दोन, डर्बी जिंकणारे मुलगे दोन, आई एकच.

जोडी जमवताना काय काय बघतात?

पहिलं म्हणजे अंतर. घोडी १२०० मीटरची वेगवान असेल, तर तिला दमदार, लांब पल्ल्याचा घोडा बघतात. आता यात जनुकशास्त्रही आलं आहे. २०१० मध्ये डब्लिनच्या एमेलिन हिल यांच्या चमूने दाखवलं, की स्नायूंच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकाच्या प्रकारावरून घोडा कोणत्या अंतराला योग्य, याचा अंदाज येतो. अंदाज अंतराचा येतो. तो जिंकेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

दुसरं, शरीराची ठेवण. घोडीचे गुडघे किंचित वाकडे असतील, तर त्याच दोषाचा घोडा टाळतात.

तिसरं, घराण्यांचा जुना मेळ. अमुक घोड्याचं तमुक घोड्याच्या मुलींशी चांगलं जमतं, हे आकड्यांवरून काढलं जातं. पण इथे सावध राहावं लागतं. उत्तम घोड्यांकडे मुळात घोड्याही उत्तमच येतात. मग यश मेळाचं की घोडीचं, हे सांगणं कठीण होतं.

चौथं, जवळचं नातं. चांगला पूर्वज दोन्ही बाजूंना असावा, असं अनेकांना वाटतं. पण हे अति झालं की रक्त फार जवळ येतं. याच काळजीपोटी अमेरिकेतल्या जॉकी क्लबने २०२० मध्ये एका घोड्याला वर्षाला जास्तीत जास्त १४० घोड्या, अशी मर्यादा आणली. विरोध झाला आणि २०२२ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

मग फ्रँकल कसा जमला?

फ्रँकलची आई काइंड. सहा रेस जिंकलेली, कमी अंतराची वेगवान घोडी, डेनहिल या नामांकित घोड्याची मुलगी. काइंडची आई रेनबो लेक हिला सॅडलर्स वेल्सपासून पॉवरस्कोर्ट झाला होता आणि तो अव्वल दर्जाच्या रेस जिंकला होता. म्हणजे या घराण्याचं सॅडलर्स वेल्सच्या रक्ताशी जमतं, हे दिसलेलं होतं.

२००६ मध्ये टेओफिलो नावाचा दोन वर्षांचा घोडा एकही रेस हरला नाही. त्याचा बाप गॅलिलिओ, म्हणजे सॅडलर्स वेल्सचाच मुलगा, आणि आई डेनहिलची मुलगी.

२००७ मध्ये काइंडला गॅलिलिओला दाखवलं गेलं. ११ फेब्रुवारी २००८ ला फ्रँकल जन्मला. आईकडचा वेग आणि बापाकडचा दम घेऊन तो १४०० पासून सुमारे २१०० मीटरपर्यंत जिंकत गेला.

जमलेला डाव पुन्हा टाकला. त्याच जोडीपासून पुढच्या वर्षी सख्खा भाऊ नोबल मिशन झाला. तोही मोठा निघाला, पण अव्वल दर्जाची पहिली रेस जिंकायला त्याला पाच वर्षांचं व्हावं लागलं. आई-बाप तेच, पण दुसरा फ्रँकल झाला नाही.

आणि डाव फसला तर?

२००६ मध्ये अमेरिकेत ‘द ग्रीन मंकी’ हा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला. तो तीन रेस धावला आणि एकही जिंकला नाही.

लहान मालकाला असा फटका झेपत नाही. म्हणून अनेक करारांत अट असते : शिंगरू जिवंत जन्मलं, पायांवर उभं राहिलं आणि आईचं दूध प्यायलं, तरच फी द्यायची. फी वाचते, पण घोडीचं गेलेलं वर्ष कुणी भरून देत नाही. म्हणूनच साधारण घोडीसाठी कर्ज काढून महागडा घोडा घेण्यापेक्षा चांगली घोडी आणि तिला साजेसा, परवडणारा घोडा हा मार्ग जाणकार सुचवतात.

हे सगळं पुण्यातही चालतं

हा हिशेब महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात पूनावाला स्टड फार्म १९४६ पासून आहे. इथले निवृत्त घोडे लस आणि सीरम बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. त्यातूनच १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली.

मुंबईत महालक्ष्मीला इंडियन डर्बीच्या दिवशी रेसकार्ड हातात आलं, तर प्रत्येक घोड्याच्या नावाजवळ दोन नावं दिसतील. पहिलं बापाचं, ते बहुतेकांना माहीत असतं. दुसरं आईचं. त्या घोडीची आधीची शिंगरं कशी धावली, तेवढं शोधून बघा. तिच्या मालकानेही घोडा निवडण्याआधी तेच बघितलेलं असतं.