मोटारीचा पत्रा : नवा कीं वापरलेला ?

अरुंद गल्ली, फाटकाचा दगडी खांब आणि क्षणभराचें दुर्लक्ष एवढ्या तीन गोष्टी जुळून आल्या कीं मोटारीचें दार चेपलेंच म्हणून समजावें. इंजिन सुरळीत चालतें, चाकें नीट फिरतात. परंतु दार लागत नाहीं आणि पावसाचें पाणी आंत येतें. अशा वेळीं गृहस्थापुढें तीन मार्ग असतात : चेपलेला पत्रा ठोकून सरळ करून घेणें, कंपनीचा नवा भाग आणणें, अथवा मोडींत निघालेल्या गाडीचा वापरलेला भाग बसविणें. या तिसऱ्या मार्गाविषयीं दोन टोकांचीं मतें आढळतात. कोणी त्यास निव्वळ चिक्कूपणा मानतो, तर कोणी स्वस्त मिळालें म्हणून हातीं येईल तें उचलून आणतो. वस्तुतः या प्रश्नाचा निर्णय किंमतीवरून करावयाचा नसून तो पत्रा गाडींत कोणतें काम करतो यावरून करावयाचा असतो.

आरंभींच्या मोटारींत खालीं एक मजबूत चौकट, म्हणजे चासी, असे आणि प्रवाशांची पेटी तिच्यावर निराळी बसविलेली असे. सारा भार त्या चौकटीवर पडे. इटलींतील लान्सिया कंपनीनें १९२२ सालीं आणि फ्रान्समधील सित्रोएँ कंपनीनें १९३४ सालीं निराळी रचना पुढें आणली. तींत वेगळी चौकट नाहींशी होऊन पत्र्याची पेटीच भार वाहूं लागली. भारतांत घरोघर परिचित झालेल्या ॲम्बॅसडर आणि प्रीमिअर पद्मिनी या गाड्या याच पद्धतीच्या होत्या आणि आजच्या बहुतेक सर्व लहान मोटारीही तशाच आहेत.

अशा गाडीच्या पत्र्यांचे दोन वर्ग पडतात. बोनेट, पुढचीं मडगार्डें, दारें, डिकीचें झांकण आणि बंपर हे भाग बहुधा नट-बोल्टांनीं व बिजागऱ्यांनीं जोडलेले असतात. उलट छप्पर, दारांमधील उभे खांब, दारांखालचे उंबरे, मागच्या चाकांवरील पत्रे आणि इंजिनाच्या दोहों बाजूंचे लांब दांडे हे वेल्डिंगनें एकजीव केलेले असतात. पहिला वर्ग अंगावरील वस्त्रासारखा आहे, तर दुसरा अंगांतील हाडांसारखा. वस्त्र दुसऱ्याचें चालतें, हाड चालत नाहीं. हल्लीं खांबांसाठीं जें अतिबळकट पोलाद वापरतात, त्याला बेहिशेबी आंच लागली कीं त्याचें बळ घटतें. दुसऱ्या गाडीचा खांब कापून जोडणारा कारागीर वरून बेमालूम काम करून देईल. पण पुढच्या अपघातांत तो जोड टिकेल कीं नाहीं, हें रंगावरून कोणासही सांगतां येणार नाहीं. आंत कुटुंब बसलेलें असतें, ही गोष्ट विसरूं नये.

दाराची गोष्ट किंचित् वेगळी आहे. तें सुटें असलें तरी पुष्कळ गाड्यांच्या दारांत बाजूची धडक सोसण्यासाठीं पोलादाचा आडवा दांडा असतो. म्हणून जें दार स्वतःच अपघातांत सांपडलें होतें, तें वरून सरळ केलेलें असलें तरी घेऊं नये. पट्टे आणि हवेच्या सुरक्षापिशव्या, म्हणजे एअरबॅगा, या तर कधींच वापरलेल्या घेऊं नयेत.

आतां खर्चाचा विचार. सर्वसाधारण विमापत्रांत नव्या भागाची पूर्ण किंमत मिळत नाहीं. गाडीच्या वयाप्रमाणें घसारा कापला जातो. पांच वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, दहा वर्षांवरील गाडीच्या भागांवर ५० टक्के, आणि रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर वय कांहींही असलें तरी ५० टक्के घसारा धरतात. घसारा न कापण्याची जोड असलेलें महाग विमापत्र घेतलें असल्यास गोष्ट निराळी. सारांश, गाडी नवी व विमा पुरता असेल तर नवा भागच घ्यावा आणि सर्व्हेयरनें पाहण्यापूर्वीं कामास हात लावूं नये. गाडी जुनी असेल तर वापरलेल्या भागाचा विचार रास्त ठरतो. ज्या गाडीचें उत्पादनच थांबलें आहे, तिच्यासाठीं तर बहुधा दुसरा मार्गच उरत नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पद्मिनी बाहेर पडत असे. तें उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला, आणि ॲम्बॅसडरचें २०१४ सालीं थांबलें. हौसेनें जपलेल्या अशा गाड्या आज मुख्यतः मोडींतील भागांवरच तग धरून आहेत.

असे भाग मुंबईंत कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावर, दिल्लींत मायापुरींत आणि चेन्नईंत पुदुपेट येथें मिळतात. परंतु या व्यापाराला एक काळी बाजूही आहे. चोरलेली गाडी सबंध विकण्यापेक्षां सुटी करून विकणें चोराला सोपें जातें. मेरठचा सोतीगंज बाजार याच कारणानें कुप्रसिद्ध झाला होता आणि पोलिसांच्या कारवाईनंतर २०२१ च्या अखेरीस तो बंद पडला. माल चोरीचा आहे असें मानण्यास कारण असूनही तो घेणारा मनुष्य भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखालीं स्वतःच गुन्हेगार ठरतो. म्हणून विक्रेत्याचें नांव, पत्ता व भागाचें वर्णन असलेली पावती मागावी, आणि जो ती देण्यास कांकूं करील त्याच्या दुकानाची पायरी पुन्हां चढूं नये. सरकारनें २०२१ सालीं नोंदणीकृत वाहन-मोडणी केंद्रांचे नियम केले असून, तेथें गाडी मोडण्यापूर्वीं ती चोरीची नाहीं याची पडताळणी करावी लागते. ज्या भागाचा उगम असा कागदावर सांपडतो, तो थोडा महाग पडला तरी पत्करावा.

भाग निवडतांना गाडीचें नांव जुळलें एवढ्यानें भागत नाहीं. एकाच नांवाच्या गाडीचा चेहरामोहरा मधून मधून बदलतो, म्हणून मॉडेल व उत्पादनाचें वर्ष दोन्ही ताडून पाहावें. त्यानंतर भाग तिरप्या उजेडांत धरावा, म्हणजे लहान लाटाही दिसतात. रंगावर ओरखडा पडूं नये म्हणून लोहचुंबक पातळ कापडांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथें त्याची पकड सैल होते, तेथें रंगाखालीं लांबी भरलेली आहे असें समजावें. (बोनेट ॲल्युमिनियमचें अथवा मडगार्ड प्लॅस्टिकचें असेल तर अर्थातच चुंबक कोठेंच धरणार नाहीं.) दाराच्या खालची दुमडलेली कड बोटांनीं चांचपावी. पावसाचें पाणी जाण्याचीं भोकें तेथें असतात. तीं बुजलीं कीं दार आंतून गंजतें. वरून दिसणारा चरा रंगानें झांकतां येतो, पण कडेंतला गंज रंगाखालीं वाढतच राहतो. कोंकणपट्टीच्या खाऱ्या हवेंत ही परीक्षा विशेष कसोशीनें करावी.

बसविण्याच्या कामांत घाई नडते. विजेच्या तारा असलेलें दार काढण्यापूर्वीं बॅटरीचा ऋण टोंकाचा जोड सोडावा आणि बिजागरीची मूळ जागा पेन्सिलीनें आंखून ठेवावी. दार जड असतें, म्हणून खालीं लाकडी ठोकळा व हाताशीं दुसरा मनुष्य हवा. नवें दार लावतांना सर्व बोल्ट प्रथम सैल ठेवून चारही बाजूंची फट सारखी करून घ्यावी आणि मगच ते आंवळावे. फट कितीही प्रयत्न करून जुळत नसेल, तर दोष बहुधा दारांत नसून धक्क्यानें हललेल्या खांबांत असतो. अशा वेळीं दार ठोकून बसविण्याचा आग्रह सोडावा आणि गाडीच्या सांगाड्याचें माप घेण्याची सोय असलेल्या गॅरेजांत ती न्यावी.

राहतां राहिला रंग. त्याच रंगाचें दार मिळालें तरी छटा जुळेलच असें नाहीं, कारण दोन गाड्यांनीं ऊन सारखें सोसलेलें नसतें. कुशल रंगारी गाडीवरील रंगाचा सांकेतिक क्रमांक पाहून रंग मिसळतो आणि शेजारच्या पत्र्यावर तो हळूहळू विरत नेतो. उघड्या पडलेल्या धातूवर प्रायमर देऊन मगच रंग चढवावा. ही पायरी वाचविली तर एक-दोन पावसाळ्यांतच फोड उठतात.

जें बोल्टानें निघतें तें पारखून घ्यावें, जें वेल्डिंगनें जोडलेलें आहे तें तज्ज्ञाच्या हातीं सोंपवावें, आणि ज्याची पावती नाहीं त्याला हात लावूं नये, एवढें पथ्य पाळलें तर वापरलेला पत्रा गाडीला कमीपणा आणीत नाहीं. एका गाडीचें आयुष्य संपलें असतां तिचा सुस्थितींतील भाग दुसरीच्या उपयोगीं पडावा, यांत काटकसर आहे आणि शहाणपणही आहे.